मनांतला साक्षी कोणाचा?

पावसाळ्यांतील एका रात्रीं वरोऱ्याच्या रस्त्याच्या कडेला एक मनुष्य मरणोन्मुख पडला होता. महारोगानें त्याचीं बोटें झडलीं होतीं, जखमांत किडे पडले होते, आणि अंगावर धड वस्त्र नव्हतें. त्याच वाटेनें मुरलीधर देवीदास आमटे नांवाचे वकील घरीं परतत होते. गृहस्थ भित्रे नव्हते. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतांना मैल्याची टोपली त्यांनीं स्वतःच्या डोक्यावर वाहिली होती, आणि आगगाडींत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांशीं ते एकटे झुंजले होते. तेच आमटे त्या तुळशीरामाला पाहून घाबरले आणि पळाले. पण घरीं त्यांना चैन पडेना. ते परत गेले, त्यांनीं बांबूंचा आडोसा उभारला, त्या मनुष्याला स्वतःच्या हातानें खाऊं घातलें. तुळशीराम वांचला नाहीं. आमट्यांची झोंप मात्र कित्येक महिने उडाली, आणि त्या बेचैनींतूनच १९४९ सालीं महारोगी सेवा समिति व १९५१ सालीं आनंदवन उभें राहिलें.

ही हकीकत बाबा आमटे स्वतः सांगत असत, आणि चांदा-गडचिरोलीकडील बहुतेक वाचकांनीं ती ऐकलेली असेल. आम्ही ती पुन्हां सांगतों ती आनंदवनाच्या स्तुतीसाठीं नव्हे. ती स्तुति पुष्कळांनीं पुष्कळ केली आहे. आमचें लक्ष त्या मधल्या घटकेकडे आहे. पळून जाणें आणि परत येणें यांच्या मधल्या. त्या वेळीं रस्त्यावर पाहणारा कोणी नव्हता. महारोग्याला रस्त्यांत टाकून गेल्याबद्दल कोणतेंहि न्यायालय आमट्यांवर समन्स काढणार नव्हतें. लोकमताचें म्हणाल तर तें पूर्णपणें त्यांच्या बाजूचें होतें. उलट परत जाऊन त्या देहाला हात लावल्याबद्दलच चारचौघांनीं त्यांना नांवें ठेविलीं असतीं. भय, स्वार्थ, रूढि, कायदा, घरच्यांची काळजी हीं सर्व एका पारड्यांत होतीं. दुसऱ्या पारड्यांत काय होतें? तेथें एक लाज होती. आणि लाज ही अशी वस्तु आहे कीं ती कोणापुढें तरी वाटावी लागते. त्या अंधाऱ्या, रिकाम्या रस्त्यावर आमट्यांस कोणाची लाज वाटली?

ख्रिस्ती विचाराच्या एका मोठ्या परंपरेचें उत्तर असें कीं, ती लाज ईश्वरापुढची होती. मग ज्याला ती वाटली त्यानें ईश्वराला त्या नांवानें ओळखलें असो वा नसो. हा युक्तिवाद आजचा नाहीं. ज्या परकीयांस मोशाचें नियमशास्त्र कधीं मिळालें नाहीं त्यांच्याहि अंतःकरणांत तें उमटलेलें असून त्यांची सदसद्विवेकबुद्धि त्याची साक्षीदार असते, हा विचार पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. इंग्लंडांत बिशप जोसेफ बटलर यांनीं १७२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत तोच धागा उचलून असें दाखविलें कीं, मनुष्याच्या ठायीं भूक, क्रोध, लोभ, दया अशा प्रेरणा अनेक असल्या तरी सदसद्विवेकबुद्धि ही त्यांच्या रांगेंत बसणारी आणखी एक प्रेरणा नव्हे. तिचें आसन त्यांच्या वरचें आहे. तिच्यापाशीं बळ थोडें असेल, पण अधिकार आहे. दरोडेखोराच्या हातीं बळ असतें आणि तहशिलदाराच्या हातीं अधिकार असतो. या दोहोंतला भेद ज्याला कळतो त्याला बटलरसाहेबांचें म्हणणें कळलें असें समजावें. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट यानें १७८८ सालच्या ग्रंथांत निराळी वाट धरली. सदाचार आणि सुख यांचा मेळ बसावा असें नीतीचें मागणें आहे, परंतु या जगांत तो बसलेला दिसत नाहीं. म्हणून तो बसविणारा कोणी आहे असें व्यवहारबुद्धीनें गृहीत धरलें पाहिजे, असें तो म्हणतो. तो याला सिद्धता म्हणत नाहीं, गृहीत म्हणतो, आणि हा प्रामाणिकपणा त्याच्या कित्येक अनुयायांत राहिला नाहीं.

या सर्वांत आमच्या मतें अत्यंत बारकाईनें विचार केला तो जॉन हेन्री न्यूमन यांनीं, १८७० सालच्या ग्रंथांत. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: सदसद्विवेकबुद्धींत दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक, हें बरें व हें वाईट हें ओळखण्याची शक्ति. दुसरी, त्याप्रमाणें वागलेंच पाहिजे ही आज्ञा. पहिली गोष्ट रसिकतेसारखी आहे. दुसरी तशी नाहीं. आम्ही आमच्याकडील उदाहरण देतों. अंगणांतली रांगोळी बिघडली तर वाईट वाटतें. पण कोणी झोंपेंतून दचकून उठत नाहीं. वहींत बेरीज चुकली तर व्यापारी स्वतःवर चिडतो, आणि दुरुस्ती करून मोकळा होतो. परंतु तीच बेरीज त्यानें जाणूनबुजून खोटी लिहिली असेल, आणि त्याखेरीज जगांत कोणालाहि तें ठाऊक नसेल, तरी त्या पानावर बोट येतांच मान खालीं जाते. वस्तूंपुढें, नियमांपुढें, आंकड्यांपुढें मान खालीं जात नाहीं. ती कोणा चेतन व्यक्तीपुढेंच जाते. पाहणारें माणूस तर येथें कोणी नाहीं. म्हणून, न्यूमन म्हणतात, त्या बुद्धीच्या आड जो उभा आहे तो पाहणारा, आज्ञा देणारा व न्याय करणारा असला पाहिजे. आणि मनुष्यानें ईश्वराचें चित्र प्रथम रेखाटलें तें आकाशाकडे पाहून नव्हे, तर या अनुभवावरून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सी. एस. लुईस यांनीं ब्रिटिश रेडिओवर जीं व्याख्यानें दिलीं, व जीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें एकत्र झालीं, त्यांतला आरंभींचा युक्तिवादहि याच कुळांतला आहे. भांडणारीं दोन माणसें एकमेकांस नुसतें गुरगुरत नाहींत. ‘हें न्यायाचें नव्हे’ असें म्हणतात, म्हणजे दोघांनाहि मान्य अशा एका मापाकडे बोट दाखवितात. गुजरींत भाव करणाऱ्या बायकांचें भांडण ज्यानें ऐकलें आहे त्याला याची सत्यता निराळी पटवावी लागणार नाहीं.

महाराष्ट्राला हा वाद परका नाहीं, आणि आमच्याकडे तो इंग्लंडपेक्षां कमी हिरिरीनें झाला असेंहि नाहीं. १८४८ सालीं ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, हे ब्राह्मो व प्रार्थनासमाजी मंडळींशीं वाद करीत तेव्हां त्यांचा रोख मोठा विलक्षण असे. पवित्र, एक आणि पापाचा तिटकारा असलेला ईश्वर आपणांस केवळ अंतःकरणानें कळला असें तुम्ही म्हणतां. पण हें तुम्हांस अंतःकरणानें दिलेलें नाहीं, तें तुम्ही बायबलांतून घेतलें आहे, असें ते म्हणत. म्हणजे एका ख्रिस्ती पंडितानेंच या ख्रिस्ती युक्तिवादाचा अर्धा आधार काढून घेतला होता. नारायण वामन टिळक यांचा प्रकार निराळा. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना नवा करार वाचण्यास सांगितला, आणि त्यांना प्रथम ओढलें तें कोणत्याहि तर्कशास्त्रानें नव्हे, तर डोंगरावरील प्रवचनांतील नीतीनें. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ज्याला आपलें मन आधींच कांहीं सांगत होतें त्याला तेंच बोलणें दुसऱ्याच्या मुखांतून ऐकूं यावें, असा तो प्रकार होता. तर्कापेक्षां ही ओळख अधिक बलवत्तर असते, हें न्यूमन यांसहि मान्य होतें.

विरुद्ध बाजूनें जे दोन आघात मराठींत झाले ते दोन्ही आजहि ताजे आहेत. आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला आणि नीतीला ईश्वराच्या टेकूची गरज नाहीं हें मत शेवटपर्यंत निर्भयपणें मांडलें. दुसरा आघात लोकमान्यांचा. मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त एक संपूर्ण प्रकरण त्यांनीं या आधिदैवतपक्षास दिलें आहे. सदसद्विवेक ही मनांत बसलेली स्वतंत्र देवता आहे हें मत त्यांना मान्य नाहीं. त्यांच्या मतें बुद्धि एकच. जी बुद्धि व्यवहारांत खरेंखोटें निवडते तीच बरेंवाईट निवडते, आणि ती सात्त्विक, राजस वा तामस जशी असेल तसा तिचा निकाल पडतो. देवता असती तर तिचा निकाल चोराच्या आणि साधूच्या मनांत सारखाच निघाला असता; तो तसा निघत नाहीं. म्हणून मनोदेवतेच्या हवालीं होण्यापेक्षां बुद्धि शुद्ध करण्याचा मार्ग धरावा हें बरें, असा त्यांचा निष्कर्ष. लोकमान्यांच्या सामाजिक मतांशीं या पत्राचें जमत नाहीं हें वाचकांस ठाऊकच आहे; परंतु या प्रकरणांतला त्यांचा मारा अचूक आहे असें म्हणणें भाग आहे.

पश्चिमेंतहि हा मारा झालाच. डार्विननें १८७१ सालच्या ग्रंथांत असें सुचविलें कीं, टोळीनें राहणाऱ्या कोणत्याहि प्राण्याला बुद्धि व स्मृति पुरेशी मिळाली असती तर त्याच्या ठायीं पश्चात्ताप उत्पन्न झालाच असता. आणि मनुष्य जर मधमाशांप्रमाणें वाढला असता तर आपल्या भावांस ठार मारणें हें बहिणींनीं पवित्र कर्तव्य मानलें असतें. फ्रॉइडनें १९२३ सालीं याच आवाजाला बापाचा, गुरूचा, समाजाचा मनांत शिरून बसलेला धाक ठरविलें. यावर ख्रिस्ती विद्वानांचें उत्तर ठरलेलें आहे: कान कसा घडला हें सांगितल्यानें आवाज खोटा ठरत नाहीं. हें उत्तर चुकीचें नाहीं, पण पुरतेंहि नाहीं. कारण कान वेगवेगळ्या ठिकाणीं वेगवेगळें ऐकतो, ही मूळ अडचण त्यानें सुटत नाहीं.

ती अडचण किती भयंकर आहे हें पाहण्यास लंडन वा बर्लिनपर्यंत जावयास नको. मे २०२४ च्या आरंभीं गडचिरोली जिल्ह्यांत, एटापल्ली तालुक्यांतील बारसेवाडा गांवीं, जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला व एका पुरुषाला जाळून मारण्यांत आलें. कोण किती दोषी हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे, व्यक्तींविषयीं आम्ही बोलत नाहीं. परंतु अशा कृत्यांविषयीं एक गोष्ट डोळे उघडून पाहिली पाहिजे. तीं बहुधा चोराप्रमाणें लपूनछपून, मनाची टोंचणी दाबून केलेलीं नसतात. गांव जमतें, विचार होतो, आणि मारणारे पुष्कळदां आपण गांवाला अरिष्टांतून सोडवितों अशाच समजुतींत असतात. ज्या मुलाचा ताप उतरत नाहीं त्याच्या आईबापांच्या कळवळ्यांतूनच तो संशय जन्मतो. म्हणजे येथें सदसद्विवेकबुद्धि मुकी नव्हती; ती बोलत होती, आणि खोटें बोलत होती. जो मनुष्य म्हणतो कीं मनांतला आवाज हा देवाचा आवाज आहे, त्यानें बारसेवाड्यास जाऊन हें वाक्य उच्चारून पाहावें.

आणि हा दोष जंगलांतल्या गरिबांचा म्हणून शहरांतल्यांनीं सुस्कारा सोडूं नये. जॉन न्यूटन या इंग्रज गृहस्थाचें उदाहरण घ्या. १७४८ सालीं वादळांत सांपडून तो भक्तिमार्गास लागला, आणि त्यानंतरहि कांहीं वर्षें गुलामांच्या जहाजांचा कप्तान म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें भरून नेत राहिला. जहाजावर तो प्रार्थना करी. खालच्या कोठारांत साखळदंडांनीं बांधलेलीं माणसें असत. पुढें तो पाद्री झाला, प्रसिद्ध भक्तिगीतांचा कर्ता झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ सालीं, म्हणजे परिवर्तनानंतर चाळीस वर्षांनीं. चाळीस वर्षें तो आवाज कोठें होता? ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनीं या प्रश्नाकडे पाठ फिरविली असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यांनींच दोन गोष्टी वेगळ्या केल्या: चांगलें करावें व वाईट टाळावें ही मूळ जाणीव एक, आणि या प्रसंगीं चांगलें कोणतें हा निवाडा दुसरी. पहिली सर्वांठायीं असते; दुसरा निवाडा चुकूं शकतो, आणि तो शिकण्याची संधि असून न शिकल्यानें चुकला असेल तर त्या चुकीचा दोषहि माथीं येतो. हा भेद ज्याच्या ध्यानांत आहे त्याच्याशीं आमचें भांडण फार थोडें उरतें.

मग हा पुरावा आम्ही मानतों कीं नाहीं? येथें आम्ही वाचकांस सरळ सांगतों. सिद्धता म्हणून तो आम्हांस पुरा वाटत नाहीं. चंद्रपूरच्याच मातींत त्याला एक जबर उत्तर उभें आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनीं, या गांवीं जमलेल्या अफाट समुदायास बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या धम्मांत सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाहीं. धर्मांत ईश्वराची जी जागा असते ती बाबासाहेबांनीं नीतीला दिली. त्या दिवसानंतर कित्येक घरांतून दारू गेली, मेलेलीं ढोरें ओढण्याचें काम सुटलें, मुलें शाळेंत गेलीं. ज्या अंतःकरणाला ईश्वर लागतो असें आपण म्हणतों, त्यानें ईश्वराचें नांव न घेतां एवढें काम केलें, हें ज्यांच्या डोळ्यांपुढें घडलें त्यांनीं तरी ‘देव नाहीं तर नीति नाहीं’ हें वाक्य तोंडांतून काढूं नये. बाबा आमट्यांचें तरी काय? १९९० सालीं धर्मविषयक कार्याचा टेम्पल्टन पुरस्कार ज्यांना मिळाला ते आमटे कोणत्याहि पंथाचे प्रवचनकार नव्हते.

परंतु त्या युक्तिवादांत एक गाभा असा आहे कीं जो आगरकरांच्या तर्कानें, डार्विनच्या मधमाशांनीं किंवा फ्रॉइडच्या बापानें हालत नाहीं. टोळीनें शिकविलेला धाक टोळीच्या बाजूनेंच बोलला पाहिजे. तो टोळीविरुद्ध कसा बोलतो? वरोऱ्याच्या त्या रात्रीं आमट्यांस घरानें, शेजारानें, बिरादरीनें जें शिकविलें होतें तें सर्व ‘पळ’ म्हणत होतें. ‘परत जा’ हें त्यांना कोणी शिकविलें? कोणी म्हणेल, गांधीजींनीं, संतांनीं, पुस्तकांनीं. ठीक, मग त्यांना कोणी? मागें मागें जातां कोठें तरी एक मनुष्य असा भेटतोच कीं ज्यानें आपल्या संबंध समाजाचें मत ऐकून घेतलें आणि तरी तें नाकारलें. सुधारणेचा सारा इतिहास या माणसांचा इतिहास आहे. पुण्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण पडत होतें तेव्हां बहुमत शेण टाकणारांचें होतें. या आवाजाला ईश्वर म्हणावें, आत्मा म्हणावें, कीं नुसती माणुसकी म्हणावी, यावर आमच्या वाचकांत एकमत होणार नाहीं, आणि तें व्हावें असा आमचा आग्रहहि नाहीं. पण तो आवाज समाजानें दिलेला नाहीं, एवढें ख्रिस्ती लोक म्हणतात तेव्हां ते एका खऱ्या वस्तूकडे बोट दाखवितात. न्यूमन यांचीच गोष्ट घ्या. ते कॅथलिक झाले, पोपचे निष्ठावंत अनुयायी राहिले. तरीहि १८७५ सालच्या एका जाहीर पत्रांत त्यांनीं पोपच्याहि आधीं सदसद्विवेकबुद्धीचा मान राखला. धर्मपीठाच्या वर मनांतल्या साक्षीला बसविणारा हा विचार आपल्याकडील मठाधिपतींच्या व जातपंचायतींच्या कानीं कधीं पडला असता तर बरें झालें असतें.

या पत्राचे वाचक बहुतेक पेठांतले, दुकानांतले आहेत; म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठीं. १९७३ सालीं हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला त्या काळांत भामरागडच्या जंगलांत माडिया लोक चारोळी घेऊन येत आणि व्यापारी त्यांना तिच्या मोबदल्यांत मीठ देत, मापास माप. चारोळीचा बाजारभाव काय आणि मिठाचा काय हें दोघांपैकीं एकालाच ठाऊक होतें. हा व्यवहार करणारे लोक कांहीं राक्षस नव्हते. सकाळीं दुकान उघडतांच ते गल्ल्याला हात जोडत, तसबिरीला उदबत्ती लावीत, एकादशी पाळीत. न्यूटनच्या जहाजावरील प्रार्थना आणि या दुकानांतली उदबत्ती यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. त्यांच्या मनाला टोंचणी कां लागली नाहीं? कारण उघड आहे. समोरचा मनुष्य आपल्यासारखा मनुष्य आहे हें त्यांना कोणी शिकविलें नव्हतें, आणि त्यांनीं शिकून घेतलें नव्हतें. वजनें प्रमाणित करण्यासाठीं सरकारनें निरीक्षक नेमलेले आहेत. मनांतल्या वजनावर शिक्का मारून घेण्याची सोय मात्र आम्ही कोठेंच ठेविलेली नाहीं. आज कित्येक ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करतात, आणि त्यामुळें पुष्कळ जुने व्यवहार बंद पडले. पण ते व्यापाऱ्यांच्या पश्चात्तापानें बंद पडले असें म्हणण्यास आम्हांस आधार सांपडत नाहीं.

अशी सोय कशी असते हें पाहावयाचें तर धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा येथें जावें. २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविणारें हें गोंडांचें गांव आहे. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसहमतीनें होतो. एका माणसाचें मन मानत नसेल तर निर्णय थांबतो आणि बोलणें पुढें चालतें. शिवाय तेथें अभ्यासगट आहेत. प्रश्न आला कीं गांव आधीं त्याचा अभ्यास करतें, जाणकारांस बोलावतें, आणि मग ठरवितें. एकट्याच्या मनाला मान, आणि त्या मनाला माहितीचा आधार: अक्वायनस यांनीं पोथींत केलेला भेद या लोकांनीं चावडीवर आणला आहे. बारसेवाडा आणि मेंढा एकाच जिल्ह्यांत आहेत. म्हणून हा दोष जातीचा, रक्ताचा किंवा जंगलाचा आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं तें वाटणें सोडून द्यावें. बारसेवाड्याच्या गर्दींत एखाद्याचें मन त्या वेळीं मानत नव्हतें काय, हें आपणांस कधीं कळणार नाहीं. पण मानत नसेल तर तें बोलून दाखविण्यास त्याला जागा होती काय, हें विचारतां येतें.

दारूबंदीचा अनुभवहि येथें लक्षांत घेण्यासारखा आहे. गडचिरोलींत ती १९९३ सालापासून आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. ज्या गांवांत बायकांनीं एकत्र येऊन आपल्या गांवची भट्टी आपण बंद केली तेथें बंदी टिकली. जेथें ती केवळ राजपत्रांतून आली तेथें मागच्या दारानें दारू येत राहिली. तथापि कायदा निरुपयोगी असें आमचें म्हणणें नाहीं. एकट्या मनाला उभें राहण्यास कायद्याची भिंत पाठीशीं लागते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं खून झाला आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यान्वये तक्रारीची दखल घेण्यासाठीं पोलिस निरीक्षकाच्या दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. किती गांवांत हें ठाऊक आहे? स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचें मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांद्यास आलें. तेव्हांपासून येथें रविवारच्या उपासना होत आल्या आहेत. दीक्षाभूमीवर दर ऑक्टोबरांत लोकांचा पूर लोटतो. महाकालीच्या यात्रेला चैत्रांत दूरदूरचे लोक येतात. या तिन्ही ठिकाणच्या चालकांकडे आमचें एकच मागणें आहे: बारसेवाड्याचें नांव आपल्या व्यासपीठावरून एकदां तरी घ्यावें, आणि ज्याच्यावर असा संशय येईल त्यानें, किंवा शेजाऱ्यावर तो आलेला जो पाहील त्यानें, कोणत्या ठाण्याला, कोणत्या अधिकाऱ्याला कळवावें हें गोंडी, माडिया, तेलुगु आणि मराठी या चारहि भाषांत सांगावें. व्यापारी मंडळींनीं तोच मजकूर छापून आठवडी बाजाराच्या दिवशीं आपल्या दुकानाच्या दारावर लावावा. त्याचा खर्च एका दिवसाच्या उदबत्तीहून फारसा अधिक येणार नाहीं.